काडी कुठं फिरते

अठरा पानं. दोन रुपये पान.
पतिरामकाका आतल्या खिशातून
मासोरीच्या वासाची नोट काढतो.
विधेयक अजून गरम आहे,
माझ्या झेरॉक्स मशीनमधून नुकतंच निघालेलं;
परवा नागपुरात मांडलं तेव्हाही
एवढं गरम नसेल.

'जलसाठे संवर्धन व सुव्यवस्थापन.'
नाव ठेवणारे हुशार.
नावं ठेवायला जागाच ठेवली नाही.

वाच, काका म्हणतो. वाचते.
उद्देश आणि कारणे: गाळ, गळती,
झाडीपट्टीतल्या तलावांची दुरवस्था.
सगळं खरं.
गळाला लावलेलं गांडूळही खरंच असतं.

कलम दोन, व्याख्या. 'स्थानिक' म्हणजे
जिल्ह्यात नोंदणीकृत कार्यालय असलेली कोणतीही संस्था.
म्हणजे फाट्यावरचा तो गाळा,
शटर बंद, बोर्ड नवा,
ज्याचं भाडं आमदारांचा साडू भरतो,
तोही आता आमच्याएवढाच स्थानिक.
आमचं कार्यालय सात पिढ्यांपासून
खैरबोडीच्या पारीवर, येनाच्या झाडाखाली.
नोंदणी नाही.

पाच वर्षांचा ठेका तीसचा होतो.
'संमती' होती तिथं 'सल्लामसलत' येते.

मग कलम नऊ: धानवाल्यांना
पाटाचं सिमेंट अस्तर, मोफत.
इथं मी थांबते.
हे आमच्यासाठी नाही, आमच्याविरुद्धही नाही.
पण येत्या ग्रामसभेत,
आजवर तुडुमावर आमच्यासोबत उभे राहणारे
बहेकारांच्या ओसरीवर चहा पीत बसतील,
आणि कोणी कोणाशी भांडलं नाही
हे इतिवृत्तात बरोबर लिहिलं जाईल.

"मंग विरोधी पक्षवाले काय म्हनत होते?"
ते नव्हते, काका.
दुसऱ्याच विषयावर घोषणा देत
सभात्याग करून पायरीवर बसले होते.
फोटो आलाय, संत्री सोलताना.
सभात्याग म्हणजे हात वर न करता दिलेलं मत.
त्यांच्याही कुणाचा गाळा असेल एखाद्या फाट्यावर.

झेडपीची निवडणूक तोंडावर आहे,
म्हणून आता ते समितीकडे जाईल. झोपेल.
आमदार गावात येऊन सांगतील, मीच थांबवलं.
आम्ही हार घालू.
मग पुढच्या अधिवेशनात, शेवटच्या दिवशी,
गोंधळात, सात मिनिटांत
ते उठेल, ताजंतवानं.

काकाला अक्षर येत नाही. तो म्हणतो,
"तुडूम उघडं हाय का बंद,
वरून नाई दिसत पोरी. पानी तं थीरच रायते.
एक काडी टाकाची
अन् पाहाची, कुठं गरगर फिरते."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचते, काडी सोडून.
ती व्याख्यांवरून जाते,
दंडावरून, अपिलावरून, कुठं अडत नाही,
आणि कलम सात, पोटकलम तीनपाशी
गोल फिरू लागते:
'मच्छीमार सहकारी संस्थांशी किंवा
अन्य हितसंबंधीयांशी विचारविनिमय करून.'

किंवा.
दोन अक्षरं.
एवढ्या भोकातून अख्खी बोडी जाते,
मरळ, शिंगटी, काठचं देवधान,
आणि ते पहाटे झोडपायला जाणाऱ्या बायका.

शेवटच्या पानावर लिहिलंय:
राज्याच्या एकत्रित निधीवर
कोणताही भार पडणार नाही.
काका ते दोनदा वाचायला लावतो.
हसत नाही.

हरकती तीस दिवसांत, ई-मेलने.
"तुह्या मशीनीतून जाते का?"
जाते.
मी टाइप करायला बसते. 'महोदय,'
आणि कर्सर लुकलुकत राहतो.
बाहेर पारबताकाकूनं टोपल्यातली दाडक
ओल्या पोत्यानं झाकलीय. ओरडते,
"आटपा ना लवकर,
मासोरी नासन!"